वरच्या न्हाणीघरातलं नितळ पाणी

सगळे त्याला नाक्या मिस्त्री म्हणत. तो नळाची कामं करायचा आणि कुठल्याही नळाचं पाणी आधी हुंगायचा. सासरी चहासुद्धा हुंगून पितो आणि चारचौघांत माझी शोभा करतो, अशी बायकोची तक्रार होती.

पण हे खूळ उगाच नव्हतं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या एका घरात त्याच्या मेहुण्याने हौसेने शॉवर घेतला होता. पाइपात कुजलेल्या पाण्याचे तुषार छातीत गेले, न्यूमोनिया झाला आणि धडधाकट माणूस हां हां म्हणता गेला. तेव्हापासून बंद घर उघडलं की मिस्त्री खिडक्या उघडायचा, नाकाला फडकं बांधून साचलेलं पाणी सोडून द्यायचा, मग टाकी धुवायचा. तोवर अंघोळ कुणालाच नाही. लोक चिडत. चिडोत बापडे.

त्या दिवशी एक मुलगी म्हाताऱ्या वडिलांना घेऊन त्यांच्या जुन्या घरी राहायला आली होती आणि नळ बघायला तिने मिस्त्रीला बोलावलं होतं. आई गेल्यापासून घराला कुलूप होतं. आजोबांना दोन पावलं टाकली की धाप लागायची, पण हट्ट एकच, आपल्या घरात अंघोळ. मिस्त्रीने त्यांना खाली खुर्चीत बसवलं.

खालचे नळ खोकत खोकत तांबडं पाणी ओकले. वरच्या न्हाणीघरातला नळ मात्र सोडल्यासोडल्या नितळ. वास नाही, गंज नाही. असं पाणी फक्त रोजच्या वापरातल्या नळाला येतं. मिस्त्रीने खाली पाहिलं तर फरशी आधीच ओली. नळ तसाच वाहता सोडून तो खाली आला आणि वर कोण राहतं, असं त्याने विचारलं. मुलगी म्हणाली, कुणीच नाही, गंजलेलं कुलूप सकाळी मीच फोडून घेतलं.

आजोबा मात्र हसले. "तिची सवय आहे. शिळं पाणी मला नको म्हणून आधी नळ सोडते. नितळ झालं की बंद करते."

"बाबा, आई नाही आता," मुलगी म्हणाली.

तेवढ्यात वर नळाची चावी करकरली आणि पाण्याचा आवाज थांबला. तिघंही खालीच होते.

आजोबा उठून जिन्याकडे निघाले. मिस्त्रीला पळून जावंसं वाटत होतं, दारही उघडंच होतं. पण डोळ्यांपुढे मेहुणा आला. तो पहिल्या पायरीवर आडवा उभा राहिला. पाठ वरच्या अंधाराकडे होती.

"आजोबा, पाणी कितीही नितळ असू दे, आज नाही. आधी टाकी धुऊ द्या."

आजोबा त्याला बाजूला सारू लागले. तेव्हा मिस्त्रीच्या मानेमागून, अगदी जवळून, बाईच्या आवाजात हाक आली.

"अहो, ऐका ना त्यांचं."

आजोबा निमूटपणे खुर्चीत जाऊन बसले.