आधी आभार, मंग अर्ज

रिबकामावशी गेल्याची बातमी मला दोन आवाजांत कळली. अकोल्याला आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी डबा उघडत होते, तेवढ्यात अमरावतीहून आमच्या चर्चमधल्या वसंतभाऊंचा फोन आला. "पोरी, आपली मावशी प्रभूकडे गेली…" एवढं बोलले आणि पुढे त्यांना बोलवेना. मग मागून त्यांच्या धाकट्या भावाचा, सुधाकरभाऊंचा आवाज आला. "आण इकडे फोन, मी सांगतो तिले. तू पाणी पे आधी." मला रडू फुटलं हे खरं, पण त्याच्याही आधी मनात आलं, वा मावशी, जिंकलीस! हे दोघे भाऊ ज्यांना ठाऊक नाहीत त्यांना मी दगडाच्या काळजाची वाटेन, म्हणून सगळं नीट सांगायला हवं.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळा जन्म अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून काढला आणि निवृत्त झाल्यावर आमच्या चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहायला आली. टिनांच्या छपरावर कोहळ्याचा वेल चढवलेला, दारात तुळशीएवढ्याच मायेनं वाढवलेला गवती चहा, आणि दर बुधवारी दुपारी चर्चमध्ये तिची प्रार्थनासभा. सभेचा विषय एकच, मंडळीची, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांची, आत्मिक जागृती. येणाऱ्या म्हणजे चार म्हाताऱ्या आणि सुट्टीत सापडले तर मी. तरी मावशी चर्चमधली ती लांबलचक सतरंजी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पूर्ण अंथरायची. मी कुरकुरायचे, कारण झटकायला मला लागायचं. "चौघींना एवढी कशाला?" म्हटलं तर म्हणायची, "बोलावलं कोणाकोणाले ते मले ठाव आहे. तू झटक."

तिच्या सभेला एक कायदा होता. कुणीही रडगाण्यानं प्रार्थना सुरू करायची नाही. एकदा मी डोळे मिटून "प्रभू, आमच्या हेडमास्तरीणबाई…" एवढंच म्हटलं, तर तिनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"थांब वं. आधी आभार, मंग अर्ज."

"कशाचे आभार मानू? ती बाई छळते मला."

"नोकरी आहे म्हून छळते ना? मंग नोकरीचे मान."

म्हाताऱ्या पदराआड हसल्या. मीही हसले, पण आधी चिडले होते. हा तिचा साधेपणा मला त्या काळी भाबडेपणा वाटायचा.

आता कोहळ्याची गोष्ट. आमच्याकडे हंगामाच्या सणाला लोक शेतातलं, परसातलं पहिलं पीक देवापुढे आणतात. गहू, तूर, पपया, कोंबड्या, आणि उपासनेनंतर आवारातच त्याचा लिलाव होतो. मावशीचं कोहळं दरवर्षी मानाचं. एका वर्षी वसंतभाऊ आणि सुधाकरभाऊ दोघेही त्या कोहळ्यावर बोली लावायला उभे राहिले. सुरुवातीला सगळी थट्टाच होती. बोली चढत गेली तशी टाळ्या वाढल्या. मग वसंतभाऊ हसत म्हणाले, "सोड गा, तुह्यानं नाई होत." धाकट्याच्या सासरची माणसं समोर बसली होती. सुधाकरभाऊ तडक घरी निघून गेले. कोहळं टेबलावर तसंच राहिलं, कारण मग थोरल्यालाही ते घ्यावंसं वाटेना. पुढच्या रविवारपासून एक भाऊ पुढच्या दारानं येऊ लागला आणि दुसरा बाजूच्या. उपासना संपल्यावर आम्ही एकमेकांचा हात हातात घेऊन "सलाम" म्हणतो, तो या दोघांतला सलाम बंद झाला. मग नातेवाईक वाटले गेले, नातेवाइकांचे शेजारी वाटले गेले, आणि ज्यांना कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती ते घरी बसू लागले. मावशी एकदाच बोलली, "माह्या आंगणातल्या कोहळ्यानं प्रभूचं घर फोडलं." तिला इतकं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

चर्चच्या पंचांनी यावर उपाय काढला तोही आपल्या लोकांचा नेहमीचाच. जागृती सभा! मंडप पडला, भोंगे लागले, बाहेरगावचे नावाजलेले उपदेशक आले. बोलले मात्र सुरेख. सगळी मंडळी रडली, दोन्ही भावांनी हात वर केले, आणि डोळे पुसून एक पुढच्या दारानं गेला, दुसरा बाजूच्या. मी मावशीला म्हटलं, "झालं. तुझी जागृती आली आणि ऑटो करून परतही गेली. आता सोड हा नाद. ही मंडळी मेली आहे."

मावशी सतरंजीची घडी घालत होती. ती थांबली. "नर्स होती मी. मेलेलं कोणतं अन् झोपलेलं कोणतं, मले समजते. झोपल्या माणसाले हाका माराव्या लागते, बाई. जोरात नाई, पण रोज."

आणि तिनं मारल्या. किती बुधवार, ते तिनं मोजले नाहीत, मग मी कशाला मोजू? आभाराच्या वेळी ती वसंतभाऊंचं नाव घ्यायची आणि लगेच सुधाकरभाऊंचं. अर्जाच्या वेळी दोघांचं मिळून एक वाक्य.

मागच्या हिवाळ्यात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेसाठी मी तिला अकोल्याला माझ्याजवळ आणलं. एका संध्याकाळी भेटीच्या वेळेत वसंतभाऊ डझनभर केळी घेऊन आले. ते स्टुलावर टेकतात न टेकतात तोच दारात सुधाकरभाऊ. एकमेकांना न सांगता दोघांनी तोच दिवस निवडला होता! धाकटे मागे वळणार होते, पण पलंगावरून हुकूम सुटला. "इकडे ये. प्रार्थना केल्याबगर जाऊ नको."

सुधाकरभाऊ पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. थोरल्यांनी घसा साफ केला. "प्रभू, आमच्या मावशीले बरं कर…"

"थांब गा. आधी आभार."

"कशाचे?"

"हा उभा आहे ना समोर, याचे."

वॉर्डात भांड्यांचा आवाज, कुणाचा तरी खोकला… वसंतभाऊ स्टुलावरून अर्धवट उठले. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार आणि मावशीची सगळी मेहनत पाण्यात. पण ते पुन्हा टेकले आणि म्हणाले, "प्रभू… आई गेली तवा हा लहान होता. माह्याच ताटात जेवत जाय. याच्यासाठी… तुहे उपकार." तोवर सुधाकरभाऊ पलंगाला वळसा घालून आले होते. त्यांनी थोरल्याचा हात धरला आणि नुसतं म्हणाले, "दादा, सलाम." मी खिडकीकडे तोंड करून हुंदके देत होते. मावशी मात्र नर्सच! "झालं? आता तो अर्ज करा. माहा पाय दुखून राहिला."

रविवारी दोघे एकाच दारानं आत गेले. बाकीचं आपोआप झालं असं म्हणणं खोटं ठरेल. ज्याला त्याला आपापल्या दुरावलेल्या माणसाच्या घरी जावं लागलं, आणि लोक गेले. कुणी सासूच्या, कुणी शेजाऱ्याच्या. घरी बसलेली पोरं पेटी-ढोलकी घेऊन परत आली. मावशी वॉकर टेकत अमरावतीला परतली आणि बुधवारी दारात उभी राहून भरलेली सतरंजी तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. असं मागितलेलं मिळालेलं पाहून जाणारी माणसं किती असतात? तिच्या मातीला म्हणूनच आम्ही रडलो कमी आणि गायलो जास्त.

गेल्या बुधवारी मी मुद्दाम रजा काढून गेले. टिनांवर कोहळं धरलं होतं. सणाला ते मिळूनच घ्यायचं, असं भावांनी ठरवलं आहे. प्रार्थना सुरू करायला मलाच सांगितलं. दाराजवळची तिची जागा बघून माझा तोल गेला. "प्रभू, आमची मावशी तू आताच कशाला…"

"थांब वं! आधी आभार."

दोन आवाज, एकदमच. वसंतभाऊ आणि सुधाकरभाऊ शेजारी शेजारी बसले होते.

कशाचे मानू, म्हणून मी डोळे उघडले. भिंतीपासून भिंतीपर्यंतची सतरंजी त्या दिवशी पुरली नव्हती. मागची माणसं गार फरशीवर बसली होती. मी त्या फरशीपासून सुरुवात केली.