पाहुण्याचा नियम

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे परळच्या आमच्या चाळीखालून सारखे जात. मी म्हणायचे, राज्य मराठी हवं म्हणून लाठ्या खायच्या आणि नवा धर्म तेवढा न कळणाऱ्या पालीत घोकायचा? मुळीच नाही! आम्ही नुकतीच बौद्ध दीक्षा घेतली होती. येत्या रविवारी चाळीतल्या एकेकाने उभं राहून पंचशील म्हणायचं होतं, ते मी मराठीत आणत होते. मी शाळेत मास्तरीण ना, वाटलं, आपल्याला काय जड आहे!

पाचव्या शीलाशी हात अडला. दारू पिणार नाही, इतकं सरळ. पण वडील गिरणीतून सुटले की पिऊनच घरी यायचे. चारचौघांत त्यांची फजिती नको म्हणून मी लिहिलं, ‘बेताबाहेर पिणार नाही.’

त्याच आठवड्यात मला पाली शिकवणारे बौद्ध भिक्खू, आमचे भंते, संध्याकाळी घरी आले. आईने कामावरून आल्या आल्या भाकरी थापल्या, सुकट केली. भंतेंनी नुसते हात जोडले. आईचा चेहरा खर्रकन उतरला. आमच्या हातचं कुणी नाकारलं, तर त्याचा अर्थ तिने जन्मभर एकच पाहिला होता.

"ह्यांनापण आमचा विटाळ?" तिने मला मोरीपाशी ओढून विचारलं.

दुपारनंतर भंते जेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं आणि मूर्खासारखी मी सांगायलाच विसरले होते. ते कळल्यावर आईने दुसऱ्या दिवशी कामावर खाडा केला, भंतेंना पुन्हा बोलावून सकाळी अकराला ताट वाढलं. तीच भाकर, तीच सुकट. भंते पोटभर जेवले.

ते गेल्यावर तिने माझा कागद वाचायला लावला. पाचव्याला भडकली.

"पाहुण्याचा नियम पाळायला मी चूल लवकर पेटवली. आणि तू? बुद्धाला घरात घेतलंस नि बापाच्या पिण्यापायी त्याचा नियम वाकवलास? लिही, पिणार नाय."

लिहिलं.

रविवारी वडील उभे राहिले. पहिली तीन शीलं खणखणीत म्हणाले. चौथं, खोटं बोलणार नाही, तेही म्हणाले. पाचव्याला थांबले. सगळी चाळ त्यांच्याकडे बघत होती.

"आत्ताच म्हटलं ना, खोटं बोलणार नाय," ते म्हणाले. "मग हे कसं म्हणू?" आणि मटकन खाली बसले.

मी शरमेने मेले. आई मात्र उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"आज नका म्हणू," ती म्हणाली. "पण दर रविवारी मी उभं करणार तुम्हाला."