दूध गार ठेवणारे मामा

मामांनी मला उभं केलं, हे आधी लिहून ठेवते. काय घडलं ते मागून सांगते. मी आठवीतून शाळा सोडलेली बाई. लिहिता लिहिता गाडी दुसरीकडे वळली आणि नेमकं हेच राहून गेलं, असं व्हायला नको.

मामा म्हणजे आमच्या दूध शीतकरण केंद्राचे मशीनवाले. नळीला पंजाची मागची बाजू लावायची, डोळे बारीक करायचे, मनातल्या मनात चार आकडे मोजल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, "आधी हात लावून बगा, मग भ्या." हे त्यांचं वाक्य. साहेब आला तरी तेच, साप निघाला तरी तेच. साप खरंच निघाला होता, यंत्रघरात. मामांनी आधी काठीने हलवून बघितलं. यंत्राच्या पट्ट्याचा तुटका तुकडा होता.

आम्ही दोघं कोकणातली, समुद्रकाठच्या गावची. आमचे हे दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागले आणि मी मागोमाग तेरच्या बाजूला येऊन पडले. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. तेरणेच्या पात्रात पोरं चेंडू खेळत होती. नदीत कुणाला धूळ उडवताना मी आधी पाहिलं नव्हतं. पहिले आठ दिवस मी नुसती रडले. मग केंद्रावर दूध तपासायला बाई हवी होती म्हणून मला रोजंदारीवर घेतलं. वास घ्यायचा, लॅक्टोमीटर बुडवायचा, फॅट काढायचं, वहीत लिहायचं. लिहायचं म्हटलं की माझ्या तळहाताला घाम यायचा.

मामा मला 'कोकणबाई' म्हणायचे. "कोकणबाई, आकडा लिवताना पेन एवढी दाबू नको. वही तुझी सासू न्हाय."

आमचं केंद्र सहकारी. शेतात काही उरलं नव्हतं, पण ज्यांनी छावणीत नेऊन किंवा पाला घालून जनावर जगवलं होतं त्यांच्या घरात दुधाचा तेवढा आधार होता. त्या दुधाचा सगळा भार एका म्हाताऱ्या यंत्रावर. गाडीच्या चाकाएवढं त्याचं चाक, जाडजूड पट्टे आणि अमोनियाचा असा वास की नवा माणूस डोळे पुसतच बाहेर यायचा. मामा आत बसून भाकरी खायचे.

यंत्र काय करतं ते मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मामा म्हणाले, "दुधातली गरमी काडायची आन् हौदात टाकायची. लोकांला वाटतं ही मशीन गारवा करती. गारवा कोण करतंय? गरमी तेवढी एकीकडची दुसरीकडं."

म्हणून यंत्रातून फिरून येणारं हौदातलं पाणी कायम कोमट. हिवाळ्यात सकाळी तर आंघोळीजोगं. पलीकडच्या आळीतल्या बाया घागर घेऊन यायच्या. सकाळचं दूध उतरलं की घरटी एक घागर, असा मामांनी नियम घातला होता. हौदाच्या भिंतीवर त्यांनी तांबडी रेघ ओढली होती. पाणी रेघेला टेकलं की बंद. मग बाळंतीण असो नाहीतर सरपंचाची सून.

मामा बौद्ध. यंत्रघरात एका भिंतीवर बुद्धाची लहानशी तसबीर आणि समोरच्या भिंतीवर प्रेशरचं घड्याळ. घागरी घेऊन येणाऱ्यांत अशी दोन-तीन घरं होती की मामांच्या तांब्यातलं पाणी प्यायला कचरायची. एकदा मी न राहवून ते बोलले. मामा पट्ट्याला राळ लावत होते. वर न बघता म्हणाले, "गरम पाणी नेताना कोन तापवलं ते इचारत न्हाईत. हळूहळू गार पाण्याचं बी इसरतील." आणि हसले. ते हसू मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

यंत्र बदलायला झालं होतं हे सगळ्यांना दिसत होतं. पिस्टन खडखडायचा, गॅस गळायचा. मामा गंधकाची काडी पेटवून नळीनळीवरून फिरवायचे. जिथे पांढरा धूर तिथे गळती. पण चेअरमन म्हणायचे, "चाललंय तर चालू द्या." मामा दर महिन्याला धाराशिवच्या कचेरीत नव्या यंत्रासाठी अर्ज घेऊन जायचे आणि संध्याकाळी येऊन अर्जाची घडी तशीच खिशात घालायचे.

अशाच एका अर्जाच्या दिवशी ते सकाळच्या दुधानंतर एस.टी.ने गेले. जाताना मला म्हणाले, "संध्याकाळच्या दुधासाटी टाकीत नळ्यांवर बर्फ धराय लागलाय. मशीन चालू ठीव. घड्याळाचा काटा तांबड्याला गेला की खटका पाड. आन् हौदाची रेघ बघ."

रेघ मी बघितली. तुमच्यापैकी जे पाण्याच्या मुलखातले आहेत त्यांना कळेल. आमच्याकडे विहिरीवर आलेल्याला 'नाही' म्हणायचं तोंडाला वळणच नसतं. पहिली म्हातारी आली, नातवाला न्हाऊ घालायला. दिली. दुसरी आली, तिला काय सांगू? तिसरी बोललीच नाही, नुसती उभी राहिली. बघता बघता पाणी रेघेच्या वीतभर खाली गेलं.

मी घाबरले. पाण्याचा टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता. तेवढ्यात मला कॅन धुतलेल्या पाण्याची टाकी दिसली. दुष्काळात आम्ही थेंब वाया घालवत नव्हतो. ते पाणी झाडांना जायचं. मी विचार केला, पाणी ते पाणी, यंत्राला थोडंच प्यायचं आहे. दहा-बारा बादल्या हौदात ओतल्या. पाणी रेघेला टेकलं आणि मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

कॅनच्या धुवणात दुधाचा चिकटा असतो. हौदाच्या कोमट पाण्यात तो साकळला आणि पंपाच्या तोंडाच्या जाळीवर जाऊन बसला, सायीसारखा. पाणी फिरायचं थांबलं. यंत्र तापलं. मी फॅटच्या बाटल्या पुसत होते. आतून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला. धावत जाऊन खटका पाडला, पण काटा तांबड्याच्याही पुढे जाऊन टेकला होता.

चारच्या एस.टी.ने मामा उतरले. मी फाटकातच उभी होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं? मेलं कोन?"

"मशीन, मामा."

मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. आत गेले, हात लावला, चाकाला उलटा झटका दिला, कान लावला. "आतली व्हॉल्वची पट्टी तुटली. म्हातारं गेलं." मग बर्फाच्या टाकीचं झाकण उचललं आणि कोपरापर्यंत हात घातला. नळ्यांवरचा बर्फ बोटांनी मोजला. "दोन बोटं हाय. निम्मं दूध निघंल."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं अजून निघालंच न्हाय की. जनावराच्या कासंएवढी चांगली टाकी सरकारकडं बी न्हाय."

मला कळेना. मामांनी केंद्रावरची दोन माणसं सायकलींवर पिटाळली. जवळच्या वस्त्यांना निरोप: आज धार दोन तास उशिरा काढा. लांबच्या गावांचं दूध निघून वाटेत होतं, ते आधी घ्यायचं, दोन बोटं बर्फावर गार करायचं आणि टँकर भरून लगेच धाराशिवच्या मोठ्या डेअरीला पाठवायचं. टँकर रिकामा होऊन परत येईस्तोवर जवळच्यांनी धार काढायची आणि ते दूध ताजंताजं, न थांबवता टँकरमध्ये ओतायचं.

आमचे हे टँकरच्या पायरीवर उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "मामा, दोन खेपा? साहेब विचारतील."

"साहेबाला म्हन, म्हशी आज उशिरा उठल्या."

वस्तीवर म्हशी ओरडत होत्या ते केंद्रापर्यंत ऐकू येत होतं. एक आजी काठी टेकत भांडायला आली. "माजी म्हस पान्हा चोरंल. भरून दे मग."

मामा म्हणाले, "मावशे, तुजी म्हस तुज्यावानीच हाय. वरडंल लई, देईल समदं."

आजी गेली. तिने खरोखर दोन तास थांबून धार काढली. दिवेलागणीला टँकर दुसरी खेप घेऊन निघाला तेव्हा एकाच कॅनचं दूध नासलं होतं. बाकी सगळं वाचलं. मी भिंतीला टेकून खाली बसले. मामांनी वही माझ्या पुढ्यात ठेवली.

"लिही."

"काय लिहू?"

"घडलं ते. रेघ, बादल्या, जाळी, काटा. समदं."

"मला काढून टाकतील, मामा."

"आधी लिही, मग भी."

मी लिहिलं. पाऊण पान झालं. 'साकळला' हा शब्द तीनदा खोडला. मामांनी मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. ते स्वतः चौथी शिकलेले. ऐकून म्हणाले, "मशीन कदी बसवली, पट्टी कितव्यांदा तुटली, तेबी खाली लिही. मागल्या पानांत हाय." मागली पानं त्यांचीच होती, वाकड्यातिकड्या अक्षरांत, पण एकही दिवस सुटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी चेअरमन आले, जिल्ह्याचे इंजिनिअर आले. चेअरमनांनी पहिलं वाक्य टाकलं, "कोण ती बाई? आजपासून येऊ नको म्हणावं."

मामांनी वही पुढे केली. "वाचा की आधी."

इंजिनिअर उभ्यानेच वाचायला लागले. माझं पाऊण पान वाचलं, मग मागली पानं उलटत गेले. वही मिटली. मग ते चेअरमनांना म्हणाले, "जाळी बाईमुळे बुजली हे खरं. पण ही पट्टी पाचव्यांदा तुटली आहे. हे यंत्र कधीच काढायला हवं होतं."

चेअरमन म्हणाले, "ते बघू. पण चूक ती चूक."

मामा म्हणाले, "व्हय, चूकच. म्या बी तिला धुवणाचं पानी घालू नको म्हून सांगितलं न्हवतं. ही चूक वहीत नसती तर तुमी अजून धा वर्सं म्हणला असता, चाललंय तर चालू द्या. आपली चूक आपल्या हातानं लिवणारा माणूस मशीनवर पायजे. नवी मशीन येईल तवा हिला माज्याकडं द्या."

"आठवी शिकलेली बाई? मशीनवर?"

"चौथी शिकलेला म्हातारा चालला की."

इंजिनिअर हसले. चेअरमन हसले नाहीत, पण मला उद्या येऊ नको असंही पुन्हा म्हणाले नाहीत.

नवं यंत्र दीड महिन्यात आलं. तोवर ट्रकने बर्फाच्या लाद्या आणून आम्ही दिवस काढले. जुनं बाहेर काढायला दाराशेजारची भिंत पाडावी लागली. पूजा झाली, चेअरमनांनी नारळ फोडला. मामा बाजूला हाताची घडी घालून उभे होते. गर्दी पेढ्यांकडे वळल्यावर त्यांनी यंत्रावरचे खोबऱ्याचे तुकडे पुसून काढले आणि मला म्हणाले, "खटका तू दे."

नव्या यंत्राचा गॅस बिनवासाचा, गळला तरी नाकाला कळायचा नाही. मामांना ते पटलं नाही. "भांडणारी बायको बरी. ही गप बसून घर सोडून जायची." पाणीही त्याला लागत नव्हतं, मोठ्या पंख्याने काम भागायचं. त्यामुळे हौद आटला आणि आळीतल्या बाया तक्रार घेऊन आल्या. "मशीन लई भारी आणली, पण आंगुळीला काय उपेगाची?"

मामांनी पंख्यासमोर हात धरला. गरम वारा. दुसऱ्या दिवसापासून तिथे दोरी बांधलेली. इंजिनिअर पाहणीला आले तेव्हा सहा गोधड्या आणि एक सतरंजी वाळत होती. ते मामांकडे बघत राहिले. मामा म्हणाले, "गरमी एकीकडची दुसरीकडं, साहेब. वाया कशाला घालवायची?" त्या दिवशी गोधड्या निघाल्या. साहेब गेल्यावर परत आल्या, पण पंख्यापासून चार हात लांब.

वर्षभर मी मामांच्या हाताखाली शिकले. मग ते रिटायर झाले. नारळ-शाल झाली, भाषणं झाली, एस.टी.त बसून ते मुलाकडे लातूरला गेले. मला मशीन ऑपरेटर म्हणून कायम केलं. मला वाटलं, माझं नशीब.

सहा महिन्यांनी केंद्राचा कारकून बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या मामांना आणखी दोन वर्षं ठेवायचं ठरलं होतं. पत्र तयार होतं. त्यांनीच घेतलं नाही. म्हणाले, जागा एक आहे, ती कोकणबाईला द्या. मी राहिलो तर ती दोन वर्षं रोजंदारीवरच राहील, आणि तोवर चेअरमन बदलला तर तिला कोण ओळखणार?"

मला त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. एस.टी. सुटताना खिडकीतून म्हणाले ते एवढंच, "पंख्याची जाळी आठवड्याला पूस."

मागल्या उन्हाळ्यात आमचे हे लातूरला टँकर दुरुस्तीला गेले होते, तेव्हा त्यांच्याकडे जाऊन आले. मुलाची खोली माळवदावर, वर पत्रे. दुपारी मामा ओला पंचा डोक्यावर घेऊन जिन्याच्या सावलीत बसतात म्हणे. तब्येत बरी आहे, गप्पा तशाच आहेत. पण मला एक पटत नाही. अख्ख्या तालुक्याचं दूध ज्यांनी इतकी वर्षं गार ठेवलं, ते मामा पत्र्याखाली.

आम्ही गावी दोन खोल्या बांधायला घेतल्या आहेत. वर कौलं येणार आहेत, मागे माडाची सावली आहे आणि दुपार कलली की खारा वारा थेट ओटीवर येतो. मामा, हे कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवलं तर ऐका. भिंती झाल्या आहेत, कौलं चढायची आहेत. ती चढली की एका उन्हाळ्यात मी रजा टाकून लातूरला येईन आणि तुम्हाला घेऊन जाईन. तुम्ही नाही म्हणाल. मी ऐकणार नाही.