साखरशेतची पहिली धार

परवा मोखाड्याच्या कचेरीत फरशी पुसली आणि गवती चहाचा वास दरवळला. फरशी पुसायच्या औषधाची बाटली पाहिली, तर मुंबईची! गवत आमच्या डोंगरात, आणि बाटली मुंबईहून! डोकंच फिरलं. पण त्या वासाने मला थेट माझ्या गावी, साखरशेतला नेलं.

मी तेव्हा अकरावीत होते. आमच्या बायकांच्या गटाने बांधावरच्या गवती चहाचं तेल काढायला पहिल्यांदाच चूल पेटवली होती. पिंपातली वाफ नळीतून थंड होत बरणीत ठिबकत होती. जव्हारहून आलेला व्यापारी बाजेवर बसून म्हणत होता, "तुमच्या माळावरच्या गवतात कसलं तेल, बायांनो? तबेल्यात अंथरायला द्या, नेतो." तेल निघालं नसतं, तर आमचं सगळं गवत म्हशींच्या खाली गेलं असतं.

बरणीतल्या पाण्यावर पिवळा तवंग आला. तेल! आम्ही किंचाळलोच. गटातल्या लखमीकाकीने ते अलगद वाटीत काढलं आणि चुलीजवळच्या मातीवर ओतून टाकलं.

"काकी! आता शेठला काय दाखवायचं?" मी ओरडले.

"पहिली धार धरतरीची. शेठ मागून."

तापलेल्या मातीतून असा वास उसळला की शेठ शिंकतच उभा राहिला.

"हाय का तेल, शेठ?" काकीने विचारलं.

नाकाला रुमाल लावून तो म्हणाला, "भाव बोला."

तेव्हा मला ती नासाडी वाटली होती. आज वाटतं, त्याहून चांगली जाहिरात कोणाला जमली नसती. म्हणून आमच्या डोंगरात काही पिकत नाही असं कोणी साहेब म्हणाला, की मी एवढंच विचारते, "हाय का तेल, शेठ?"