काकांची टाकी, माझी पेटी

आमच्या इमारतीत मला सगळे 'इंजिनिअर साहेब' म्हणतात. ही पदवी मी स्वतःच पसरवली आहे. कंपनीत माझं काम म्हणजे छोट्या कंट्रोलर बोर्डांना एकमेकांशी बोलायला लावायचं आणि ते बोलेनासे झाले की का, ते शोधायचं. बावीस वर्षं हेच करतोय. घरी माझं आणि बायकोचं बोलणं अधूनमधून बंद पडतं, तिथे मात्र या अनुभवाचा आजवर काडीचा उपयोग झालेला नाही.

पण ही गोष्ट माझी नाही, पंपवाल्या काकांची आहे. माझी त्यात फक्त फजिती आहे.

काका एकोणतीस वर्षं आमच्या इमारतीचा पंप चालवत होते. जिन्याखाली त्यांची खोली. तिच्यात एक पंप, एक स्टूल, खिळ्याला अडकवलेला टॉवेल आणि दारामागे खडूने लिहायची पाटी. टाकी गच्चीवर, म्हणजे पाच मजले वर, आणि लिफ्ट नाही. सकाळ-संध्याकाळ काका जिना चढायचे, टाकीत काठी घालून पाणी बघायचे आणि खाली येऊन पंप सुरू करायचे. मग पाइपावर तळहात ठेवून, मान जराशी वाकडी करून ऐकत बसायचे. "आता चार बोटं राहिली," म्हणायचे, आणि चारच बोटं राहिलेली असायची. इतक्या वर्षांत टाकी एकदाच उतू गेली. त्या दिवशी त्यांची बायको वारली होती. तरी इमारतीतल्या दोघांनी तक्रार केलीच. त्यातला एक मी होतो, हे लिहिताना आज लाज वाटते.

त्यांनी कधी रजा घेतल्याचं मला आठवत नाही. काठी कोणीही घातली असती, पण तो तळहात कोणाकडून आणणार?

मग त्यांच्या मुलीला दिवस गेले. ती आठ तासांच्या प्रवासावर राहते. नवऱ्याची नोकरी अशी की आज इथे, उद्या तिथे. आई नाही. तिने बापाला फोनवर सांगितलं, बाबा, पंधरा दिवस तरी येऊन राहा. काका मला जिन्यात भेटले तेव्हा हे बोलले. जावंसं फार वाटतं, पण टाकीचं काय करू, असं म्हणाले.

मी त्याच पायरीवर उभं राहून जाहीर केलं की टाकीत सेन्सर टाकतो, खाली पेटी लावतो. टाकी किती भरली तो आकडा पेटीवर दिसेल. तो बघून वॉचमन पंप सुरू करेल, बंद करेल. आठ दिवसांचं काम. मुलीची तारीख दीड महिन्यावर होती.

आठ दिवसांत पेटी लागली, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. वर एक बोर्ड, खाली एक बोर्ड, मध्ये पाच मजले ओढलेल्या दोन तारा. एकीवरून खालच्याने विचारायचं, दुसरीवरून वरच्याने सांगायचं. वरचं काम करायला गच्चीवर गेलो तेव्हा मला इतकी धाप लागली होती की दहा मिनिटं मला 'पाना द्या' एवढंही म्हणता येईना. खाली येऊन लॅपटॉप जोडला. आकडा आला, चौसष्ट टक्के. काका वर जाऊन काठी घालून आले आणि बरोबर म्हणाले. मी लॅपटॉप काखोटीला मारून ऐटीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पेटीच्या म्हणण्याप्रमाणे टाकी नऊशे अकरा टक्के भरली होती. दुपारी तर तिने आकडे सोडून नुसती प्रश्नचिन्हं दाखवायला सुरुवात केली.

मी गेलो. अशा वेळी पहिला संशय वेगावर येतो. दोघांचा बोलण्याचा वेग एकच लागतो, नाहीतर ऐकणाऱ्याच्या पदरी कचरा पडतो. लॅपटॉप जोडला, वेग कमी केला, आकडा बरोबर आला. मी घरी गेलो. पेटी पुन्हा बरळायला लागली. मग तारांची अदलाबदल केली, तर होतं तेही बंद झालं, म्हणून पुन्हा होतं तसं केलं. खालचा बोर्ड बदलला. शेवटी पाच मजल्यांची अख्खी केबल नवी ओढली. आणि प्रत्येक वेळी, लॅपटॉप जोडून मी समोर बसलो की पेटी शहाण्यासारखी वागायची.

"तुम्ही आलात की चालतं हो," काका म्हणाले.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी हे घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मग तूच जाऊन बस तिथे पंधरा दिवस." मला त्यातला टोमणा कळला. दोघांनीही दोष नेमका कुठे आहे ते माझ्या हातात दिलं होतं, ते काही कळलं नाही.

यात काकांचे हाल झाले. आधी ते दिवसातून दोनदा वर जायचे, आता पेटी खरं बोलते का ते बघायला चारदा जात होते. गुडघ्याला पट्टी आली. मुलीचा रोज फोन यायचा आणि काका रोज 'बघतो' म्हणायचे. तारखेला सहा दिवस उरले तेव्हा मी जिन्यावरून खाली जाताना त्यांची खोली टाळायला लागलो.

रविवारी सकाळी त्यांनीच मला बोलावलं. दारामागच्या पाटीवर दोन रकाने होते. 'साहेब आहेत' च्या खाली सगळ्या बरोबरच्या खुणा, 'साहेब नाहीत' च्या खाली सगळ्या फुल्या.

"आज एक करा," काका म्हणाले. "तुमचं हे लॅपटॉपचं मशीन इथे राहू द्या आणि तुम्ही घरी जा."

मला ते लागलं, पण गेलो. दुपारी परत आलो तर पेटी सकाळपासून बरोबर होती, काकांनी तीनदा काठी घालून खात्री केली होती. मग त्यांनी मला मशीन घरी ठेवून यायला सांगितलं आणि नुसतं स्टुलावर बसवलं. मिनिटभरात पेटीवर प्रश्नचिन्हं.

"म्हणजे तुमचा काही संबंध नाही," काका म्हणाले. हे त्यांनी माझी समजूत काढायच्या सुरात म्हटलं.

लॅपटॉप पुन्हा आणला. आकडा आला. काकांनी हात लांब करून चार्जरचा प्लग भिंतीतून उपसला. लॅपटॉप चालूच होता, पण पेटीवर प्रश्नचिन्हं. प्लग परत खोचला, आकडा हजर.

मी कपाळावर हात मारला. दोन बोर्डांनी बोलायचं तर दोघांच्या ग्राउंड एकमेकींना जोडाव्या लागतात. तारेतून गेलेल्या निरोपाला परतीची वाट लागते, आणि त्यासाठी तिसरी तार. कंपनीत नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे शिकवणारा माणूस मी. इथे ती तार मी टाकलीच नव्हती. वरचा बोर्ड टाकीच्या लोखंडी पाइपाला टेकलेला होता आणि खाली माझ्या चार्जरची अर्थिंगची पिन. त्यामुळे इमारतीच्या अर्थिंगमधून ती वाट आपसूक जुळायची. मी निघालो की वाटही माझ्याबरोबर घरी यायची.

आणखी एक सांगतो, म्हणजे काही लपवलं असं व्हायला नको. नव्या केबलमध्ये तिसरी तार होती. मीच ती बिनकामाची म्हणून दोन्ही टोकांना छाटून टाकली होती. जोडायला दहा मिनिटं लागली.

दोन दिवस पेटी अचूक चालली. तरी काका हलेनात. मी विचारलं, आता काय अडलंय?

"पेटी बरोबर सांगते," ते म्हणाले. "पण पेटी तुम्ही बनवलीय."

मग त्यांनी अट घातली. रोज सकाळी मी वर जाऊन काठी घालायची आणि पेटीशी ताडून बघायचं. तसं असेल तर जातो. मी कबूल केलं. त्यांनी टॉवेलाने पुसून काठी माझ्या हातात दिली आणि त्याच दुपारी ते गेले.

चार दिवस मी इमाने इतबारे शहाण्णव पायऱ्या चढलो. चारही दिवस काठी आणि पेटी यांचं एकमत. पाचव्या दिवशी माझे गुडघे बोलायला लागले आणि मी ठरवलं की आता विज्ञानावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पंपाच्या खोलीत स्टुलावर आरामात बसलो होतो, तेवढ्यात काकांचा फोन आला.

"मुलगी झाली," ते म्हणाले. "दोघी सुखरूप आहेत." एकोणतीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा टाकी सोडून कुठेतरी होता, आणि बरोबर हव्या त्या जागी होता. मग त्यांनी नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, टाकी किती आहे?

मी पेटीकडे बघून सांगितलं, ब्याऐंशी टक्के.

पलीकडे काका मान वाकडी करून ऐकत असणार.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्हाला धाप लागलेली नाही."

मी काठी उचलली आणि फोन कानाला तसाच धरून जिना चढायला लागलो.