पाळण्यातल्या कडक भाकऱ्या

गंगाक्का गेल्याचं सांगायला त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, जयसिंगपूरहून सकाळच्या गाडीनं आला. मी त्याला आधी चहा-चपाती दिली आणि मग रडले... अक्कांच्या तालमीत वाढलेली मी, उपाशी माणसासमोर रडायची सोय नव्हती.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा नदीजवळच्या दीड खोलीत आम्ही दोन जोडपी आणि अक्कांचा शाळकरी मुलगा राहत होतो, आणि आमच्याहून जास्त जागा अक्कांच्या धान्याला. त्यांचं माहेर शिरोळकडचं. कृष्णेचं पाणी चढलं की गावाचा रस्ताच बंद. त्यात रेशनच्या दिवसांनी धास्ती घातलेली. कॉटखाली ज्वारीचे डबे, ट्रंकेत साड्यांखाली शेवया, उशीच्या खोळीत हुलगे. एकदा एका पाहुण्यानं सकाळी मान धरून विचारलं, "ही उशी दगडाची हाय काय?" अक्का म्हणाल्या, "हुलग्याची हाय, पावणं. उद्या उसळ करून घालते." तुळईला कडी एकच. तिला धुवट धोतरात बांधलेलं कडक भाकऱ्यांचं गाठोडं टांगलेलं असे. त्या भाकऱ्या महिनाभर टिकायच्या.

माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. बारशाला पाळणा हवा आणि कडी अडलेली. मी फुरंगटून बसले. "पाणी आलं म्हंजे दुकान पवत दारात येणार हाय व्हय?" असं म्हणत अक्कांनी पाळणा टांगला खरा, पण गाठोडं ठेवलं पाळण्यातच. पोरीची आत्या, म्हणजे आमच्या वन्सं, चष्मा घरी विसरून आलेल्या. त्यांनी वाकून, मोठ्या मायेनं, पोरीचं नाव गाठोड्याच्या कानात सांगितलं... 'सुमन'. बायका हसून लोळल्या. अक्का तेवढ्या गंभीर. "असूं दे की. भाकरीलाबी नाव पडलं."

त्याच दिवशी पावसानं धरलं, नदी गल्लीच्या तोंडाशी आली आणि बारशाची मंडळी आमच्याकडेच अडकली. बाजार बंद, सरपण भिजलेलं. दूध आटलं तर पोरीला काय पाजू, या काळजीनं मला घास उतरेना. अक्कांनी गाठोडं सोडलं आणि कडक भाकऱ्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पाहुण्यांना वाढल्या. कोरडं सरपण थोडंच होतं, ते माझ्यासाठी राखलं. मूठमूठ ज्वारी दळून माझ्यापुरती मऊ भाकरी थापायच्या आणि समोर बसून खायला लावायच्या. वन्संनीही एक गरम मागितली तर म्हणाल्या, "तुमास्नी दात हायत. ही बाळंतीण हाय." दूध काही कमी पडलं नाही. सगळी दाटीवाटीनं बसून भाकऱ्या कडाकडा मोडत होती आणि मी हसत होते. तसं बाळंतपण माहेरी तरी झालं असतं का, कोण जाणे.

अक्कांचं दिवसकार्य उरकल्यावर पुतण्या म्हणाला, "काकू, घरात जागा न्हाय. आईच्या ज्वारीचा डबा तुमीच न्या." परवा तो उपसताना तळाशी हाताला पुरचुंडी लागली. सोडून पाहिली. डिंक, खारीक, हळीव. मला पुन्हा दिवस गेलेत, हे आम्हा नवराबायकोखेरीज फक्त अक्कांना ठाऊक होतं. शेवटच्या भेटीत मीच त्यांना सांगितलं होतं...

सुमन शाळेतून आली आणि खारकेला हात घालू लागली. म्हटलं, थांब, इतक्यात नको. माहेरून आलंय ते.