बावीस पावलं

देवी आल्या तेव्हा मी सात वर्षांची होते. ताप उतरला, खपल्या पडल्या आणि डोळे गेले. त्यानंतरची चार वर्षं मला घरच्या ओसरीवर बसवून ठेवलं. मी तांदळातले खडे बोटांनी वेचायची, लसूण सोलायची, धाकट्या भावाचा पाळणा हलवायची. परसाकडे जायचं झालं तरी मायला हाक मारून बसून राहायची. माय कामात असली की "थांब" म्हणायची, आणि त्या थांबण्याला अंत नसायचा. शरीराच्या साध्या गरजेसाठी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहणं यासारखा अपमान नाही. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, असं आता नातेवाईक सांगतात. नसेल. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

शेजारी एक काकी राहायची. नवरा गेलेली, मूलबाळ नसलेली, जिभेने तिखट. तिच्या घरामागच्या वाडीत वालाचे वेल होते, वांगी होती, मिरच्या होत्या. तिची वाडी आणि आमचं परस यांच्यामध्ये बांबूचं कुंपण होतं. एका सकाळी ती आली, पोरीला शेंगा तोडायला नेते असं मायला सांगून मला उठवलं, आणि वाडीत नेऊन हातात काठोकाठ भरलेला लोटा दिला. चाल म्हणाली. मी म्हटलं, पडेन.

"पड मंग. लोटा मातर सांडू नको."

आंधळं माणूस चालायला लागलं की हात पुढे करून हवा चाचपतं. काकीचं म्हणणं असं, की हात फिरायला लागले की पाय आळशी होतात. हातात लोटा असला म्हणजे शिकायची पाळी पायांवर येते. पाऊल एकसारखं पडलं तरच पाणी सांडत नाही. पहिले पंधरा दिवस माझा परकर ओलाच असायचा. मग एकदा तिच्या चुलीमागच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत मी थेंबही न सांडता गेले. बावीस पावलं. परत येतानाही बावीस.

वाडीनंतर गल्ली आली. काकी माझ्या चार पावलं मागे चालायची आणि मी चुकले तरी तोंड उघडायची नाही. एकदा मी उभ्या बैलावर जाऊन आदळले, तेव्हा तिने मला बैलाची माफी मागायला लावली. डावीकडे लोहाराचा भाता ऐकू आला की नाली जवळ आली, घाण्याची करकर आली की उजवीकडे वळायचं. आमच्या दारापासून विहिरीपर्यंत एकसष्ट, तिथून बोडीपर्यंत म्हणजे गावच्या लहान तळ्यापर्यंत एकशे चाळीस. वर्षभरात मी एकटी बोडीवर जाऊन, पाण्यात पाय सोडून, मनाला येईल तेव्हा परत यायला लागले. मनाला येईल तेव्हा. इतकी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही.

हे सगळे आकडे मी भेटेल त्याला म्हणून दाखवायची. लोक कौतुकाने विचारायचे, पोरी, पाटलाच्या दारापर्यंत किती? मी फुशारून सांगायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कुंपणाचा बांबू वाळवी खाते, म्हणून धान झोडून झालं की हिवाळ्यात आमच्याकडे कुंपण नवं घालतात. मी बारा वर्षांची होते. त्याच सुमारास आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्याला जोडला होता आणि ओसरीवर महिनाभर तीच चर्चा चालली होती. बाबांनी त्यातून काही बोध घेतला की काय, मला ठाऊक नाही. त्यांनी दोन दिवसांत नवं कुंपण उभं केलं. तिसऱ्या दिवशी मी काकीच्या वाडीत चालले तर विसाव्या पावलालाच बांबू लागला.

मला आनंद झाला. वाटलं, मी मोठी झाले, पाऊल लांब पडायला लागलं. घरी येऊन आमच्या परसात मोजलं. दारापासून कुंपणापर्यंत तिथे चौदा व्हायची, ती सोळा भरली. पाऊल शेजारी लांब आणि घरी आखूड होत नाही, एवढं मलाही कळलं. मायला सांगितलं. तिने कोणाजवळ बोलू नको म्हटलं आणि भाकरी थापत राहिली.

काकीला मोजायची गरज नव्हती. तिच्या वांग्यांची एक ओळ आमच्या बाजूला गेली होती. तिने गावचे चार पंच बोलावले. बाबा म्हणाले, तिनेच वांगी आमच्या जागेत लावली होती. जुन्या खांबांचे खड्डे बुजवून त्यावर शेणसडा झाला होता, पुरावा काही नव्हता. वाद वाढला तेव्हा एका पंचाला मी आठवले. या पोरीला सगळं गाव पावलांनी पाठ आहे, उद्या सकाळी हिलाच चालवा. बावीस भरली तर कुंपण जागेवर आहे. काकीने लगेच होकार दिला. पोरीचे पाय मला मान्य आहेत, असं ती चारचौघांत म्हणाली.

संध्याकाळी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. ते कधी बसत नसत.

"बावीसच भराले पायजे. नाई भरले, त तुह्यं बाहेर जाणं बंद."

वीसची बावीस करायची तर प्रत्येक पावलातून दोन बोटं चोरावी लागतात. हा हिशेब मी अंथरुणात केला आणि सकाळी तसंच चालले. पंच मोठ्याने मोजत होते. चोरी एका पावलात दिसली असती, बाविसांत सारखी वाटून टाकली की दिसत नाही, आणि सारखं चालायला तर मला काकीनेच शिकवलं होतं. बाविसाव्या पावलाला बांबू हाताला लागला. मी लहान होते, असं म्हणून सुटता आलं असतं. मी लहान नव्हते. मला बोडीवर जायचं होतं.

वर्षभर माझ्या मागून चाललेली बाई ती. माझं पाऊल कसं वाजतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिने एक शब्द उच्चारला असता तर मी तिथेच रडून सगळं सांगितलं असतं. ती पंचांना म्हणाली, भरले बावीस, मी कबूल केलं होतं. माणसं पांगल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "इतकी सफाई मी नव्हती शिकवली तुले."

दुसऱ्या दिवशी मी बोडीवर जायला निघाले तर बाबा दारात आडवे उभे. मी म्हटलं, बावीस भरली ना?

"काल माह्यासाठी मोजलं. उद्या दुसऱ्या कोनासाठी मोजशीन."

माय हात धरून मला आत घेऊन गेली.

दोन वर्षांनी काकीला तिचा वरोऱ्याकडचा भाऊ कायमचं घेऊन गेला. जाताना ती आमच्याकडे आली नाही, आणि गाडी दारावरून गेली तेव्हा मला हाक मारता आली नाही. भावाने वाडी बाबांनाच देऊन टाकली. बाबांनी कुंपण उपटलं, बांबू चुलीला लावले आणि बऱ्याच दिवसांनी प्रेमाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, सगळं आपलंच झालं आता, वाडीत फीर पायजे तेवढी.

मी फिरले. लाज वाटत होती, तरी रोज फिरले.